सहाशे एकविसावी विद्यार्थिनी

३ नोव्हेंबर

आजपासून नवी विद्यार्थिनी. बावीस वर्षं मी इंदूरच्या सुदामा नगरात बायकांना गाडी शिकवली. मोजल्या तर सहाशे वीस होतात. ही सहाशे एकविसावी. रंगाने पांढरी, डोक्यावर डब्यासारखं काहीतरी गरगर फिरतं, आणि तिला मी काहीही शिकवायचं नाही असा नियम आहे. मला गप्प बसायचे पैसे मिळणार, हे ऐकून माझ्या जुन्या विद्यार्थिनी हसून हसून मरतील.

काम असं आहे. कंपनीला सुदामा नगर ते राजवाडा आणि परत, एवढ्या एकाच रस्त्यावर गाडी आपली आपण चालवून बघायची परवानगी मिळाली आहे. स्टिअरिंगमागे माणूस हवाच, तो माणूस मी. गाडी चुकतेय असं वाटलं तर मी स्टिअरिंग धरायचं किंवा ब्रेक मारायचा. त्याला 'टेकओव्हर' म्हणतात आणि त्याची नोंद आपोआप होते. सलग तीस दिवस टेकओव्हर शून्य आले आणि त्याखाली माझी सही झाली, की पुढची परवानगी मागता येते. म्हणजे पुढची सीट रिकामी ठेवून गाडी सोडायची.

मागच्या सीटवर अनीश बसतो, मांडीवर लॅपटॉप घेऊन. इंजिनियर आहे, सत्तावीस वर्षांचा, इथलाच. मला म्हणाला, "ताई, तुम्ही बस बसून राहा. टेन्शन नका घेऊ. गाडी खुद शिकेल."

आजचे टेकओव्हर एकोणीस.

४ नोव्हेंबर

बाबांनी सगळं खोदून खोदून विचारलं. क्लच कोण दाबतं? क्लचच नाही. हॉर्न? वाजवते, पण लाजत लाजत. पुढचा ट्रक मागे घसरायला लागला तर तिला कळतं? कळत असावं, राजवाड्याला चढ नाही. "मग ती अजून ड्रायव्हर नाही," बाबा म्हणाले. चोवीस वर्षं फौजेचे ट्रक चालवलेत त्यांनी, लेहपर्यंत. त्यांच्या लेखी मीही अजून ड्रायव्हर नाही.

चार वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले. तोवर दर रविवारी ते स्कूटर काढून राजवाड्याजवळ बुद्धरत्नकाकांच्या घड्याळाच्या दुकानात जात. दोघं महूच्या एकाच गल्लीतले. 'जय भीम' म्हणून बसायचं, दोन चहा, एक भांडण, आणि जेवायला घरी. आता मी नेईन तेव्हाच. आणि मला प्रत्येक रविवारी जमतं असं नाही, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

झोपायच्या आधी म्हणाले, "नंदू, ही गाडी पास झाली तर मी कुणाला न विचारता जाऊ शकेन का गं?"

म्हटलं, पहिले पॅसेंजर तुम्हीच. अनीशकडे नावही नोंदवून टाकते. किसन, वय त्र्याहत्तर, सुदामा नगर ते राजवाडा.

७ नोव्हेंबर

राजवाड्यासमोर अठरा मिनिटं उभे होतो. गाडी इतकी सभ्य आहे की समोर कुणी आलं की थांबते, आणि राजवाड्यासमोर कुणी आलं नाही असा क्षण होळकरांच्या काळापासून आलेला नसेल. ऑटोवाले खाली वाकून आत बघत होते. "अरे भिया, भूत वाली गाडी! मॅडम, आप किसलिये बैठी हो?" शेवटी मीच स्टिअरिंग धरलं. टेकओव्हर चौदा.

पण एक गोष्ट बघून मी चाट पडले. अनीशने लॅपटॉपवर गाडीला काय दिसतं ते दाखवलं. माणूस म्हणजे निळा चौकोन, ऑटो म्हणजे पिवळा, आणि हे चौकोन चारी बाजूंना एकाच वेळी. मागून येणारी अ‍ॅक्टिवा, डावीकडून उतरणारा पोरगा, उजवीकडचा थुंकणारा, सगळे. माझ्या सहाशे वीस जणींना मी घसा फोडून सांगायचे, आरशात बघा, आरशात बघा. हिला सांगावंच लागत नाही.

यशवंत रोडच्या कोपऱ्यावर जामचा ठेला लावणारी मीराबाई आहे. जाम म्हणजे पेरू, पण इंदूरमध्ये पेरू म्हटलं तर कुणी देणार नाही. थंडीत ऊन जिकडे सरकतं तिकडे ती ठेला ढकलत नेते, त्यामुळे साडेदहाच्या फेरीला ती हमखास रस्त्याच्या मधोमध असते. तिला चौकोन काढताना गाडी गोंधळते. कधी बाई आणि ठेला मिळून एक, कधी दोन.

१५ नोव्हेंबर

आज लिहायलाच हवं. अन्नपूर्णा रोडवर उभ्या असलेल्या बसच्या पुढून एक मुलगी एकदम पळत रस्त्यात आली. शाळेची, दप्तर पाठीवर. गाडी थांबली. माझा पाय उचलायच्या आत थांबली. मी बघितलं तेव्हा माझा बूट हवेतच होता आणि मुलगी पलीकडच्या फुटपाथवर.

मला रडूच आलं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या हातून अशीच बसपुढून आलेली एक म्हातारी गेली होती. लायसन मिळून दोन महिने झाले होते. तिने पुन्हा गाडीला हात लावला नाही. तेव्हा तिथे ही असती तर दोघी वाचल्या असत्या.

टेकओव्हर सहा.

२८ नोव्हेंबर

शून्य! पहिल्यांदाच शून्य. अनीशने सगळ्यांना कचोरी खाऊ घातली.

राजवाड्यासमोर गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. ऑटोवाले आता ओळखतात. मान हलवली की सरकतात, बोट दाखवलं की थांबतात. मीराबाई रस्त्यात होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मानेनेच 'या' म्हटलं, ती गेली, गाडी निघाली. इतकं सोपं. तीन आठवड्यांपूर्वी इथे अठरा मिनिटं लागली होती यावर विश्वास बसत नाही. शिकली म्हणजे किती शिकली पोरगी!

९ डिसेंबर

आज अनीशला विचारलं, ही शिकते म्हणजे नक्की काय होतं? त्याने अर्धा तास सांगितलं. मला कळलं ते इतकंच की रोजच्या फेऱ्यांतून काय चाललं आणि काय नाही हे ती ताडून बघते. म्हटलं, मग तिला ऑटोवाल्यांचे स्वभाव कळले का? अनीश म्हणाला, "आता काय सांगू ताई, डेटा तर हेच म्हणतोय." खरं तर त्यालाही नीट माहीत नाही. तो हे कबूल करतो, म्हणून मला आवडतो.

बारा दिवस शून्य.

२१ डिसेंबर, रविवार

देवेंद्रजींनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, बाबांना एका फेरीला बसवायला परवानगी दिली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी सातपासून तयार. गाडीत बसल्यावर महू नाक्यापर्यंत नुसते कान देऊन बसले होते. मग म्हणाले, "ब्रेक चांगला मारते. पोटातलं पाणी हलत नाही." बाबांकडून एवढं कौतुक मला आजवर मिळालेलं नाही.

काकांच्या दुकानात दोन चहा झाले. भांडण झालं, विषय मला कळला नाही.

परतताना बाबा एकदम म्हणाले, "नंदू, तुझ्या बांगड्या फार वाजतात."

म्हटलं, रस्ता खराब आहे.

"रस्त्याने वाजल्या तर सगळ्या वाजतील. एकाच हातातल्या वाजतायत. आणि वाजल्या की मग गाडी निघते."

बाबांना निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण चूक काढल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही हा नियम काही सुटत नाही. मी हसून सोडून दिलं.

६ जानेवारी

तीस दिवस पूर्ण. मधल्या सुट्ट्या सोडून सलग तीस, सगळे शून्य. देवेंद्रजींनी कागद पुढे केला. लिहिलंय की माझ्या अनुभवावरून या रस्त्यावर या गाडीला माणसाच्या मदतीची गरज उरलेली नाही.

पेन हातात घेऊन मी तो दोनदा वाचला. सहाशे वीस जणींना मी 'आता तू एकटी जा' असं म्हटलंय, आणि दर वेळी वाटलंय, काहीतरी बघायचं राहिलं. आजही वाटलं. काय राहिलं ते सांगता येईना. मोजण्यासारखं काहीच चुकलेलं नव्हतं. मग बाबांचा चेहरा आठवला आणि सही केली. कुणाच्या तरी चेहऱ्याकडे बघून सही करायची नसते हे मला कळतं. पण आकडेही तेच सांगत होते.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

१८ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

जसं झालं तसं लिहिते.

परवानगी आली होती. आज रिकाम्या सीटची पहिली फेरी. मागच्या सीटवर डावीकडे बाबा, मधे मी, उजवीकडे अनीश. अनीशच्या हातात गाडी थांबवायचं लाल बटण. पुढे कुणीच नाही. स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं. माझे पाय सारखे ब्रेक शोधत होते.

महू नाक्यापर्यंत सगळं छान. पुढे गाडी अडखळायला लागली. ऑटोवाले आत बघायचे, पुढे कुणी दिसत नसे, मग तेही थांबायचे. दोघंही थांबलेले. मग दोघंही एकदम निघायचे. अनीश म्हणाला, आज संडेची गर्दी आहे.

यशवंत रोडच्या कोपऱ्यावर मीराबाई ठेला घेऊन रस्त्यात. गाडी थांबली. मीराबाईने पुढच्या सीटकडे पाहिलं. तिथे मी नव्हते. ती जागीच उभी राहिली. तिला काय करावं ते कळेना. गाडीने वाट बघितली. बाई हलत नाही म्हणजे तिला जायचं नाही, असं गाडीने ठरवलं असणार. तेवढ्यात मीराबाईला दोन सीटच्या मधून मी दिसले. ती हसली. आणि मी रोजच्यासारखी मान हलवली, हात वर केला. या.

ती आली. गाडीही निघाली होती.

गाडीने लगेच ब्रेक मारला, हे मी शपथेवर सांगेन. माझ्यापेक्षा लवकर मारला. पण ठेल्याचा कोपरा लागलाच, ठेला फिरला, आणि मीराबाई हातावर पडली. जाम रस्ताभर. लोक धावले. मी तिला उठवलं तर ती मलाच म्हणत होती, "कई नी हुयो बेनजी, कई नी हुयो." काही झालं नाही म्हणे. मनगट मोडलं आहे. उघड दिसत होतं मोडलेलं.

बाबा गाडीतच बसून होते. मी परत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई कशी आहे?" सांगितलं. मग ते म्हणाले, "धडकेच्या आधी तुझ्या बांगड्या वाजल्या."

१९ जानेवारी

मीराबाईच्या हाताला प्लास्टर घातलं. ती गाडीला दोष देत नाही, मला तर मुळीच नाही. स्वतःला देते. म्हणे, मीच बघितलं नाही नीट. तिने नीटच बघितलं होतं. माझ्याकडे बघितलं होतं.

देवेंद्रजींच्या खोलीत चित्रफीत दहादा बघितली. "नंदिनीजी, तुम्हीच बघा. ती बाई स्थिर उभी होती, अचानक पुढे आली. गाडीने काय चूक केली?"

चित्रफितीत गाडीची चूक नाहीच. कारण ती बाहेरची चित्रफीत आहे, त्यात मी दिसत नाही. म्हटलं, अचानक नाही आली. मी बोलावलं म्हणून आली. मी तिला सांगितलं 'ये', आणि गाडीला सांगायची माझ्याकडे काही सोय नव्हती.

त्यांनी चित्रफीत थांबवली. मग म्हणाले, हे कागदावर येण्याची गरज आहे का. वाईट माणूस नाही हा. त्यांच्या आईलाही दिसत नाही, हे मला आज कळलं.

२१ जानेवारी

गाडीत आतल्या बाजूलाही कॅमेरा आहे. ड्रायव्हर डुलक्या काढतो का ते बघायला. टेकओव्हर झाला नाही तर ती चित्रफीत कुणी उघडत नाही. मी अनीशला म्हटलं, माझ्या शून्यवाल्या दिवसांतली एक फेरी लाव.

दोघांनी बसून मोजलं. मी मान हलवते. भुवया उडवते. बोट वर करते, तळवा दाखवते, 'निकलो भिया' पुटपुटते. एका ऑटोवाल्याला मी डोळे वटारलेत, ते बघून मलाच भीती वाटली. एका फेरीत सत्त्याऐंशी वेळा. आणि मला खरोखर वाटत होतं की मी नुसती बसून आहे!

अनीशने लॅपटॉप मिटला. "ताई, म्हणजे गाडी नाही शिकली. रस्ता शिकला. तुम्हाला बघून."

तीस दिवस राजवाड्याची गर्दी मी चालवत होते. गाडी मागून येत होती. सहाशे वीस जणींना मी इंडिकेटर शिकवला, आरसा शिकवला, पण मान हलवायला कधी शिकवलं नाही. त्या आपोआपच हलवायच्या, म्हणून ते शिकवायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

सगळं लिहून दिलं. सही मागे घेतली. परवानगी थांबली.

२४ जानेवारी

बाबांना वाटलं होतं चार-आठ दिवसांची गोष्ट आहे. आज सांगितलं की पहिल्यापासून सगळं मोजणार, वर्षं लागतील.

मला वाटलं होतं, बाबा म्हणतील खरं बोललीस ते बरं केलंस. बांगड्या त्यांनीच ऐकल्या होत्या. पण बाबा चिडले. इतके चिडलेले मी त्यांना आई गेल्यानंतर पाहिलेले नाहीत.

"तुझं खरं तुझ्यापाशी ठेव. माझं वय काय आहे? हात तुटतात, जुळतात. माझे डोळे जुळणार आहेत का?" मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "मला वाटलं होतं रविवारी मी जाईन."

 ते चूक बोलत नव्हते. मीही चूक केली नव्हती. अशा वेळी माणसाने काय करायचं असतं?

९ फेब्रुवारी

नव्याने सुरू होऊन आठवडा झाला. आता मी काळा चष्मा लावते, तोंडाला मास्क, हात मांडीखाली. बांगड्या काढल्या आहेत. मान हलवायची नाही. हे किती कठीण आहे ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही, संध्याकाळी मानेला रग लागते. पण आता गाडी खरंच काय करते ते दिसतं, आणि ते बघायला मला आवडतं. ती एकेक फूट पुढे सरकून विचारते. काही लोकांना ते कळायला लागलंय. काहींना नाही. टेकओव्हर रोज वीसच्या आसपास.

पहिले दोन दिवस मीराबाई कोपऱ्यावर होती, एका हाताने ठेला ढकलत. माझ्याकडे बघत उभी राहायची. मी दगडासारखी. मागचे हॉर्न वाजवायचे. शेवटी ती ठेला वळवून मागे जायची. तिसऱ्या दिवशी दिसली नाही.

आज काम संपल्यावर शोधत गेले. ती आत, दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी बसते. तिथे ऊन येत नाही. मला बघून आधी जाम नीट लावत राहिली. मग म्हणाली, "बेनजी, म्हारा से नाराज हो कई?"

मी सगळं समजावलं. की मी बघितलं तर गाडी शिकणार नाही, म्हणून मी बघत नाही. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "देखणो नी है, तो बैठो क्यों हो?" आणि मला दोन जाम कापून दिले, मीठ लावून. पैसे घेतले नाहीत.

गाडीपाशी परत आले तर अनीश खुशीत. "ताई, गुड न्यूज! यशवंत रोडचा कॉर्नर चार दिवसांपासून झीरो आहे. एकदम क्लीन."

"क्लीन नाही. ती बाई तिथून गेली."

"हो, पण झीरो तर झीरोच ना."

"तिथे लिही, बाई रस्ता सोडून गेली."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "कुठे लिहू? असा कॉलमच नाही, ताई."

"मग कर."

त्याने स्क्रीन परत स्वतःकडे वळवली. मग खरंच कॉलम करायला बसला. त्याला काय नाव द्यावं यावर आम्ही बराच वेळ घातला आणि अजून काही ठरलेलं नाही.

घरी आले. बाबा पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतायत. आज त्यांनी आपणहून विचारलं, "आज किती?"

यंत्रात सतरा नोंदले आहेत, मीराबाई त्यात नाही.

"अठरा," मी म्हटलं.